असेल तर घे

शालनताईंनी कॉम्प्युटरचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटला.

“घे. तुझं कुलूप परत.”

आमचं ऑफिस तेव्हा शाहूपुरीत, गुळाच्या एका अडत दुकानाच्या माडीवर होतं. जिना चढून वर येईपर्यंत माणसाच्या कपड्यांना गुळाचा वास लागायचा आणि हंगामात पाठोपाठ एखादी गांधीलमाशीही यायची. तशी एक ताईंच्या खांद्यावर बसली होती. सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. माशीनंही ताईंच्या चेहऱ्याकडे बघून विचार बदलला असावा, कारण ती आपणहून उडून गेली.

“ताई, बसा की. पाणी देऊ?”

“पाणी नको. मला एवढंच सांग, तू म्हणाली होतीस ना, ही फाईल कुणाच्या बापाला उघडायची नाही?”

“म्हणाले होते.”

“बापाला नाही उघडली. दिराला उघडली.”

शालनताई मगदूम घर सोडून आलेल्या बायकांसाठी निवारा चालवायच्या. बाहेर पाटी ‘शिवणकाम वर्ग’ अशी. पाटी खोटी नव्हती, आत मशीनं होतीच. फक्त शिवायला आलेल्या बायका संध्याकाळी घरी जात नसत. प्रत्येकीची हकिगत, तिचं माहेर, सासर, कुणापासून धोका, हे सगळं ताई आम्ही बसवून दिलेल्या प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवायच्या. प्रोग्रॅम परदेशातल्या कुणा स्वयंसेवकांनी लिहिलेला, फुकट वाटलेला. आम्ही त्याला मराठी केलं, ‘आडोसा’ असं नाव दिलं आणि आमच्या लिनक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या, जोडीनं संस्थांना बसवून द्यायचो.

“झालं काय ते तरी सांगा.”

“वीज गेली आली, मशीन बंद पडलं. स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे टाकलं. तिथला मेकॅनिक निघाला रेणुकाच्या सासरच्या गावचा. त्यानं डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, फाईल दिसली, उघडून बघितली. तोडफोड नाही, काही नाही. वर्तमानपत्र उघडावं तशी उघडली.” ताईंचा आवाज इथवर चढा होता, तो एकदम खाली आला. “परवा तिचा दीर गेटावर आला, कागद छापून घेऊन. तिनं रडत रडत मला जे सांगितलं आणि मी जे टाइप केलं, ते तो गेटावर उभा राहून मोठ्यानं वाचत होता. शब्दन्‌शब्द. गल्ली ऐकत होती.”

मला रेणुका आठवत होती. प्रोग्रॅम बसवायला गेले होते तेव्हा तिनंच चहा आणून दिला होता.

“ती कुठाय?”

“आत आहे. पण आता तिथं ठेवता येत नाही. सोमवारी हलवायची. नुकती कुठं गारमेंटच्या कारखान्यात लागली होती, तेही गेलं.” ताई उठल्या. “सोमवारी माझे विश्वस्त बसतायत. तुम्ही लोकांनी यायचं आणि हे कसं झालं ते सांगायचं. मी मशीन घेतलं नव्हतं वैजयंती, तुझा शब्द घेतला होता. शब्द खोटा निघाला असेल तर तसं तोंडावर सांग. मला संस्थेला कुणाच्या भरवशावर ठेवायचं ते ठरवायचंय.”

त्या खाली उतरल्या तरी जिना बराच वेळ वाजत राहिला.

माझं काम काय होतं ते इथं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लिनक्सवर प्रोग्रॅम एकटा नांदत नाही. त्याला पन्नास ठिकाणचं उसनं लागतं, दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेलं. त्याला लायब्ररी म्हणतात. अक्षरं दाखवायची एक, छापायची एक, आणि कुलूप लावायची एक. प्रोग्रॅम आणि त्याचं उसनं यांची सांगड घालून बसवायला तयार असं गाठोडं बांधायचं, त्याचं नाव पॅकेज. ते बांधायची एक कृती लिहावी लागते, स्वयंपाकाची असते तशी. बिल्ड मशीन नावाचा एक कॉम्प्युटर ती कृती वाचतो आणि गाठोडं बांधतो. मी त्या कृत्या लिहायची.

‘आडोसा’ला कुलपाची लायब्ररी सक्तीची नव्हती. लिहिणाऱ्यांनी ती ऐच्छिक ठेवलेली. कृतीत तिच्यापुढं तीनपैकी एक शब्द लिहायचा. आम्ही त्यांना मराठीत म्हणायचो ‘हवंच’, ‘नको’ आणि ‘असेल तर घे’. ‘हवंच’ लिहिलं आणि लायब्ररी मिळाली नाही, की बिल्ड मशीन थांबतं, बोंब मारतं, गाठोडं बांधत नाही. ‘असेल तर घे’ लिहिलं की ते आजूबाजूला बघतं, मिळाली तर घेतं, नाही मिळाली तर मुकाट पुढं जातं. गाठोडं झकास बांधलं जातं. प्रोग्रॅम उघडतो, पासवर्ड मागतो, चुकीचा घातला तर हाकलूनही देतो. दारावर वॉचमन उभा असतो, फक्त मागं भिंत नसते.

हे मला खटावकरदादांनी शिकवलं होतं.

“हे बघ वैजू,” पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, “एकतर ‘हवंच’ लिही, नाहीतर छाती करून ‘नको’ लिही. ‘असेल तर’ हा शब्द लग्नाच्या बोलणीत आला काय आणि पॅकेजात आला काय, समजायचं की कुणीतरी फसणार आहे.”

अविनाश खटावकर कंपनीतले सगळ्यांत जुने. मी कॉलेजातून आले तेव्हा मला माउस धरण्यापलीकडं फारसं येत नव्हतं, तरी मनाशी गाठ सगळं येतं अशी. दादांनी ती गाठ न दुखवता सोडवली. कधी आवाज चढवला नाही. माझ्या चुका स्वतः दुरुस्त करायचे आणि साहेबांपुढं माझं नाव घ्यायचे. माझे वडील अडत्याकडे दिवाणजी होते, त्यामुळं माणसांची खाती मनात मांडायची मला लहानपणापासून खोड. कुणी किती दिलं, किती लाटलं, कुणाची बाकी कुणाकडे. दादांच्या खात्यावर सगळं जमाच जमा होतं. एकच गोष्ट मला गमतीची वाटायची. दादा कुणालाही ‘नाही’ म्हणत नसत. लग्नाचं आमंत्रण आलं की, “बघू, जमलं तर.” कुणी रजा मागितली की, “असं करू, बघू.” रणवरेसाहेबांनी अशक्य तारीख दिली तरी, “प्रयत्न करू की साहेब.” मला तो चांगुलपणा वाटायचा. कोल्हापुरात तोंडावर बोलणाऱ्यांना तोटा नाही, एखादा मऊ माणूस दिसला की आपण त्याला देव करून टाकतो.

रणवरेसाहेब कंपनीचे मालक. पांढरा बूट घालायचे आणि कॉम्प्युटरला मनापासून भ्यायचे. फाईल कॉपी करायलासुद्धा त्यांना माणूस लागायचा. ताई गेल्यावर त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

दादांनी ताईंच्या मशीनची डिस्क लावली आणि फाईल साध्या पद्धतीनं उघडली. पडद्यावर अक्षरं आली. ‘रेणुका’ हे नाव, तिच्या सासरच्या गावाचं नाव, सगळं कुणालाही वाचता येईल असं. साहेबांनी मान फिरवली, बायकांच्या खोलीचं दार चुकून उघडल्यासारखी.

“कुलूपच नाही,” दादा म्हणाले.

“नाही म्हणजे?”

“लायब्ररी घेतलीच गेली नाही साहेब. पॅकेज तिच्याशिवाय बांधलं गेलंय.” मग दादा माझ्याकडे वळले आणि इतक्या मायेनं म्हणाले की मला अजून तो सूर ऐकू येतो, “वैजू, तू ‘असेल तर’ ठेवलं होतंस का गं?”

“नाही दादा. ‘हवंच’ होतं.”

“नक्की?”

आता ‘नक्की’ हा शब्द फार वाईट. तो मायेनं विचारला की माणूस स्वतःच्या नावाबद्दलही साशंक होतो. मी आठवू लागले. कृती जुन्या आवृत्तीसाठी लिहिली होती, दिवाळीच्या आधी. मग लिनक्सची नवी आवृत्ती आली, सगळी पॅकेजं पुन्हा बांधायची होती, जागतिक महिला दिनाला पाहुण्यांच्या हस्ते संस्थांना वाटायची होती. त्याच दिवसांत बहिणीचं डोहाळजेवण म्हणून मी गडहिंग्लजला गेले होते. परत आले तर दादा म्हणाले होते, “झालं बघ तुझं आडोसा. तुझीच कृती चालवली, बोटसुद्धा लावावं लागलं नाही.” मला केवढा अभिमान वाटला होता. मीच ते घेऊन ताईंकडे गेले, मीच बसवलं.

“मला वाटतं ‘हवंच’ होतं,” मी म्हटलं. ‘होतं’वरून ‘वाटतं’वर आले, हे साहेबांनी बरोबर टिपलं.

“सासने मॅडम, पॅकेजवर नाव तुमचं आहे.”

“साहेब, पोर चांगली आहे,” दादा मध्ये पडले. “कामाचा रेटा होता. राहून जातं एखादं. सोमवारी आपण तिघंही जाऊ. वैजू सांगेल की तिच्याकडून नजरचूक झाली. मी ताईंना समजावतो. नोकरीला हात लावू नका, एवढं माझं ऐका.”

साहेबांनी ऐकलं. फार पटकन ऐकलं, पण ते तेव्हा मला जाणवलं नाही. केबिनच्या बाहेर आल्यावर दादांनी माझ्या डोक्यावर टप्पल मारली. “घाबरू नको. मी आहे.” मी तेही त्यांच्या खात्यावर जमा केलं.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. सगळे गेल्यावर मी बिल्ड मशीनपुढं बसले. शोध लावायला नव्हे. नीट कुलपाचं पॅकेज बांधावं, सोमवारी जाताना निदान रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढंच डोक्यात. माझ्या मूळ कृतीची प्रत माझ्याकडे होती. ती चालवली.

मशीन थांबलं.

पडद्यावर लाल ओळ, कुलपाची लायब्ररी सापडली नाही. मी पुन्हा चालवलं. पुन्हा लाल ओळ. खाली गुळाच्या ढेपा टेम्पोत भरत होते, हमालांचं “हां, धर, सोड” चाललं होतं. मला एकेक गोष्ट उमगायला लागली. नव्या आवृत्तीवर कुलपाची लायब्ररी बांधलेलीच नव्हती. बांधायला घेतली असेल, जमली नसेल. म्हणजे माझ्या कृतीतून हे पॅकेज जन्मालाच येऊ शकत नव्हतं. महिला दिन येऊ दे, पाहुणे येऊ देत, मशीननं नाहीच म्हटलं असतं. पॅकेज बांधलं गेलं याचा अर्थ कृतीतला शब्द कुणीतरी हातानं बदलला होता.

आणि मला आधी काय वाटलं असेल? आनंद. माझी चूक नव्हती! मी जिना उतरून धावतच निघाले, कारण दादा शनिवारी दुपारी कोपऱ्यावरच्या अप्पांच्या टपरीवर चहा घेत बसतात हे मला माहीत होतं. त्यांना किती बरं वाटेल, असं मनात येत होतं. खरंच तसं येत होतं.

“दादा! माझं ‘हवंच’ होतं! मशीन थांबतंय! लायब्ररीच नाही तिथं, माझ्या कृतीनं ते बांधलंच गेलं नसतं!”

दादांनी कप तोंडाजवळ नेला, फुंकर मारली, एक घोट घेतला.

“बस,” ते म्हणाले. “अप्पा, एक चहा वाढवा.”

“कुणीतरी बदललंय दादा. कोण बदलेल? साहेबांना तर ती फाईल कुठं असते हेसुद्धा—”

मी तिथं थांबले. लाल ओळ मला पुन्हा दिसली, आता टपरीवर.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“आवाज हळू.”

“तुम्ही बदललंत.”

“वैजू, समजून घे. नव्या आवृत्तीवर ती लायब्ररी बांधलीच जात नव्हती. मी डोकं फोडून घेतलं. इकडं साहेब डोक्यावर बसलेले, निमंत्रणपत्रिका छापलेल्या. मी म्हटलं त्यांना, कुलूप लागत नाहीये. ते म्हणाले, दिसायला दिसतंय ना?” दादांनी कप खाली ठेवला. “तरी मी ‘नको’ नाही लिहिलं. हात धजला नाही. ‘असेल तर’ लिहिलं. म्हटलं, आठवड्याभरात लायब्ररी बांधू, पुन्हा पॅकेज केलं की आपोआप घेईल.”

“मग?”

“मग राहिलं.”

“मला सांगितलं का नाही? मी ताईंकडं घेऊन जाणार होते. मी तिथल्या बायकांना सांगून आले, पक्कं आहे म्हणून.”

“तुला सांगितलं असतं तर तू नेलं असतंस का?”

“नाही.”

“मग?” असं म्हणून ते माझ्याकडं बघत राहिले, जणू उत्तर मीच दिलं.

अप्पांनी चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली तरी मी हात लावला नाही.

“आणि माझं नाव?”

“ते तसंच राहिलं. काढलं असतं तर आपलं घालावं लागलं असतं.” हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मला क्षणभर बरोबरच वाटलं. “हे बघ. पुढच्या महिन्यात साहेब मला भागीदार करून घेतायत. अठरा वर्षं घासली मी इथं. तुझं वय आहे, तुला एक चूक पचेल. लोक म्हणतील, पोरगी होती, शिकत होती. मला म्हणतील, चोर. सोमवारी तू एवढं सांग, की नजरचूक झाली. पुढचं मी बघतो. कधी तुला वाऱ्यावर सोडलंय का?”

“काल केबिनमध्ये तुम्ही मला विचारलंत, नक्की का म्हणून.”

दादांनी खिशातून कंगवा काढला, केसांवरून फिरवला, परत ठेवला.

“विचारावं लागलं,” ते म्हणाले.

सोमवारी मी बिल्ड मशीनचा डबा, पडदा आणि कीबोर्ड असं सगळं रिक्षात घालून ‘शिवणकाम वर्गा’त नेलं. रिक्षावाला म्हणाला, “ताई, घर बदलालाय व्हय?” मी हो म्हटलं. साहेब आणि दादा आधीच पोचले होते. शिवणयंत्रं भिंतीला सारून मध्ये टेबल लावलं होतं. विश्वस्त म्हणून एक निवृत्त शिक्षिका आणि एक वकील होते, दोघंही ताईंना भिऊन असणारे. दाराशी रेणुका एका स्टुलावर बसली होती. पायाशी कापडी पिशवी. अंगणात जीप उभी.

दादांनी सुरुवात केली. छान बोलले. लायब्ररी म्हणजे काय, ऐच्छिक म्हणजे काय, सगळं समजावून. शेवटी म्हणाले, “तर कृतीत ‘असेल तर’ राहून गेलं आणि कुलूप लागलं नाही. आम्हाला अतिशय खेद आहे.”

“राहून गेलं, ते कुणाच्या हातून?” ताईंनी विचारलं.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मायेनंच.

“माझ्या हातून नाही,” मी म्हटलं.

साहेबांचा पांढरा बूट टेबलाखाली हलला. मी डबा जोडला, पडदा ताईंकडे वळवला. म्हटलं, “ताई, ही माझी कृती. हिच्यात ‘हवंच’ लिहिलंय. हे आमचं पॅकेज बांधायचं मशीन, पॅकेज ज्याच्यावर बांधलं तेच. आता ही चालवून बघू.”

“तू नको,” ताई म्हणाल्या. “तू दाबलंस तर हे म्हणतील, हिनं काहीतरी केलं. खटावकर, तुम्ही दाबा.”

दादा उठले. त्या माणसानं आयुष्यात लाखभर वेळा ती कळ दाबली असेल. त्या दिवशी बोट कळीवर टेकवून तसेच उभे राहिले. मग दाबली. ओळी पळाल्या, आणि लाल ओळीवर येऊन सगळं थांबलं.

“काय म्हणतंय ते?” वकिलांनी विचारलं.

“बांधत नाही म्हणतंय,” मी म्हटलं. “लायब्ररी नाही, तर बांधणार नाही.”

“म्हणजे हिची कृती असती,” ताई सावकाश म्हणाल्या, “तर ते माझ्या मशीनमध्ये आलंच नसतं.”

“नसतं.”

मग दादा बोलले. पडद्याकडेच बघत, अगदी शांतपणे.

“ही कृती मूळची आहे कशावरून? वैजूनं शनिवारी दुरुस्त केलेली असू शकते. पोर घाबरलीय.”

टपरीवर त्यांनी जे सांगितलं होतं ते मी तोवर ना जमेत धरलं होतं, ना नावे. माणूस भितो, भीतीपोटी करून जातो, नाव तसंच राहू देतो, हे मी कुठंतरी एका कोपऱ्यात वसूल होणार नाही अशा बाकीत टाकून दिलं होतं. पण हे वाक्य ते भीतीपोटी बोलले नव्हते. विचार करून, शब्द निवडून बोलले होते. असू शकते. तिथंही छाती करून ‘केलीय’ म्हणाले नाहीत.

“दादा,” मी म्हटलं, “माझ्याकडं बघून म्हणा.”

दादांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. काच स्वच्छ होती. तरी पुसत राहिले.

“म्हणा की,” ताई म्हणाल्या. “पोर समोर बसलीय.”

पुसणं चालूच.

“बरं, बरं ताई,” रणवरेसाहेब घाईनं म्हणाले, “हा आमचा घरातला मामला आहे. आम्ही आपसांत बघून घेऊ. तुम्हाला नवं मशीन, नवं पॅकेज, सगळं—”

“साहेब,” ताई म्हणाल्या, “घरातला मामला आहे, असं म्हणणारी माणसं मला नवीन नाहीत. ही जागा त्यांच्याच आशीर्वादानं भरलेली असते.” मग त्यांनी विश्वस्तांकडे नजर टाकली, त्या दोघांनी ताबडतोब माना हलवल्या. “मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही. पण खोटं बोलताना माणूस हाताला काय काम देतो ते रोज बघते मी. तुमचं सामान घेऊन जा. सगळ्या संस्थांना सांगून टाका, कुलूप नाहीये म्हणून. तुम्ही नाही सांगितलंत तर उद्या मी सांगते.”

साहेब उठले. दादांनी चष्मा घातला, उठले, आणि सवयीनं बिल्ड मशीनची वायर गुंडाळायला लागले. नीट, वळणावर वळण, जशी मला शिकवली होती. “मी घेते,” मी म्हटलं. त्यांनी वायर सोडली. ते दोघं साहेबांच्या गाडीत बसून गेले. मला गाडीत बस म्हणून कुणी म्हटलं नाही, आणि त्यानंतर मी त्या माडीवर गेले ती फक्त मशीन परत ठेवायला आणि माझा डबा-बाटली आणायला. दादा भागीदार झाले. कंपनीच्या पाटीवर त्यांचं नाव आलं तेव्हा मी पुण्यात होते. कुणीतरी फोटो पाठवला. खाली अभिनंदन लिहिणाऱ्यांत ऑफिसात मी काम शिकवलेली दोन पोरंही होती.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी मी सामान आवरून अंगणात आले. छाती हलकी झाली होती, हे खोटं कशाला बोलू? शब्द खोटा ठरला नव्हता. ताईंनी जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तेवढ्यात रेणुका पिशवी घेऊन जीपकडे निघाली. माझ्याजवळ येऊन थांबली.

“कुठं जायचंय आता?” मी विचारलं.

तिनं ताईंकडे पाहिलं. ताईंनी दारातूनच मान हलवली, जराशी. सांगू नको अशी. रेणुका माझ्याकडे वळली. रागाची मी तयारी केली होती, पण तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

“आत ऐकलं म्या सगळं,” ती म्हणाली. “तुमची चूक न्हवती.”

“नव्हती.”

“बरं झालं बाई.” तिला खरंच बरं वाटलं होतं. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, “माझीबी न्हवती.”

आणि जीपमध्ये चढली.